प्लॅन वाढवण्याआधी पिंग मोजा

३, २, ३, ४, १८७, ३, २, ४१२, ३.

पिंग म्हणजे माहितीचं एक पुडकं पाठवून ते परत यायला किती वेळ लागला ते मोजणं. घरातल्याच राउटरला वायफायवरून पिंग लावून ठेवलं की मिलिसेकंदांचे असे आकडे खाली सरकत जातात. या नऊ आकड्यांची सरासरी ६९ येते आणि ती बघून काहीच हाती लागत नाही. ऑनलाइन गेम खेळणाऱ्याचा घात करतात ते १८७ आणि ४१२. पॅकेट, म्हणजे ते पुडकं, अजून घराबाहेरही पडलेलं नाही. पलीकडच्या खोलीतल्या डब्यापर्यंत जाऊन परत यायलाच त्याला जवळजवळ अर्धा सेकंद लागला.

जळगाव असो, शहादा असो की यावल, नेट अडकायला लागलं की पहिला फोन फायबरवाल्याला जातो आणि मग प्लॅन वाढवायचं ठरतं. १०० एमबीपीएसचे २०० होतात, दर महिन्याचं बिल वाढतं, आणि तो ४१२ जिथल्या तिथे राहतो. स्पीड टेस्ट सांगते की एका सेकंदात किती माल जाऊ शकतो. एक पुडकं जाऊन यायला किती वेळ लागला आणि दर वेळी तेवढाच लागला का, हे त्या मोठ्या आकड्यात दिसत नाही. ऑनलाइन गेमला सेकंदाला १ मेगाबिटसुद्धा लागत नाही, पण प्रत्येक पुडकं वेळेवर पोचावं लागतं. नेटफ्लिक्स स्वतः ७२०पीसाठी ३, १०८०पीसाठी ५ आणि ४केसाठी १५ एमबीपीएस पुरेसे सांगतं. म्हणजे १०० च्या प्लॅनवर एक टीव्ही आणि एक गेम सुखाने चालायला हवेत. चालत नसतील तर वेळ कुठे जातोय ते शोधायचं, आणि शोधायचं ते घराच्या आतून बाहेरच्या दिशेने.

त्याआधी एक खुलासा करून घ्या. स्क्रीनवर पिंग हिरवा, ३०-४० च्या आसपास, आणि चित्र मात्र अडखळत असेल, तर नेटचा काही संबंध नाही. फोन तापलाय. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो. अशा दुपारी चार्जिंगला लावून गेम चालवला की फोनचा प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि फ्रेम गळतात. कव्हर काढा, चार्जर काढा, ग्राफिक्स एक पायरी खाली आणा. गेममध्ये फ्रेमचा आणि पिंगचा आकडा दोन्ही स्क्रीनवर ठेवायची सोय असेल तर ती चालू करा. भांडण तिथेच मिटतं.

टप्प्याटप्प्याने मोजमाप

विंडोज लॅपटॉपवर सीएमडी (कमांड प्रॉम्प्ट) उघडा. आयपीकॉन्फिग टाइप केलं की डिफॉल्ट गेटवे म्हणून जो पत्ता दिसतो तो तुमचा राउटर. बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. पिंग, मोकळी जागा, तो पत्ता, मोकळी जागा, आणि शेवटी उणे चिन्हाला चिकटून टी. आता कंट्रोल आणि सी दाबेपर्यंत ते थांबत नाही. दुसऱ्या खिडकीत तसंच ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या एका गुगल सर्व्हरला, लावा. दोन्ही खिडक्या शेजारी ठेवून दहा मिनिटं गेम खेळा किंवा व्हिडिओ लावा.

दोन्हीकडे एकाच क्षणी आकडा उसळला तर दोष घरात आहे, बहुतेक वायफायचा. राउटरची खिडकी शांत आणि फक्त ८.८.८.८ उसळतोय, तर राउटरपासून पुढे कुठेतरी. मग लॅपटॉपला लॅन केबल लावून तेच पुन्हा करा. केबलवर राउटरचा पिंग कायम १ मिलिसेकंदाच्या आत दिसला पाहिजे. वायफायवर २ ते ५ चांगला, अधूनमधून १०-१५ गेला तरी चालतं. फक्त फोनवर खेळत असाल तर सी-टाइपला लागणारं लॅन अडॅप्टर बहुतेक अँड्रॉइड फोनवर चालतं, आणि वायफाय दोषी आहे की नाही हे पाच मिनिटांत सांगतं.

पुढच्या टप्प्यांसाठी ट्रेसर्ट (tracert) आहे. त्याच खिडकीत ते आणि पुढे पत्ता टाइप केला की वाटेतलं एकेक यंत्र किती वेळात उत्तर देतं ते ओळीओळीने दिसतं. पहिली ओळ राउटरची, दुसरी-तिसरी फायबर कंपनीची, शेवटची गंतव्याची. इथे एक चूक फार लोक करतात. मधल्या एखाद्या ओळीत १५० दिसले किंवा चांदण्या आल्या की तिथेच बिघाड आहे असं धरतात. मधली यंत्रं अशा चौकशीला उत्तर देणं सगळ्यात शेवटी ठेवतात, त्यांचं खरं काम पुढे माल ढकलणं. त्यामुळे एका ओळीतला मोठा आकडा पुढच्या ओळींत टिकला नाही तर तो सोडून द्या. तिसऱ्या ओळीला वाढलेला आकडा शेवटपर्यंत तसाच राहिला, तरच तिसऱ्या ओळीकडे बोट दाखवा.

अंतराचाही हिशोब ठेवा. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. जळगावहून मुंबई रेल्वेने ४२० किलोमीटर. तेवढ्या तारेत जाऊन-येऊन जेमतेम ४ मिलिसेकंद. वाटेतली यंत्रं आणि वळसे धरून मुंबईचा सर्व्हर १० ते २५ मध्ये मिळाला की तक्रार करू नये. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ चे सर्व्हर मुंबईत आहेत. गेमने आपोआप सिंगापूर निवडलं असेल तर मुंबईपासून पुढे सरळ रेषेतच ३,९०० किलोमीटर आहेत, म्हणजे नुसत्या प्रकाशालाच ४० च्या आसपास हवेत आणि प्रत्यक्षात आणखी बरेच. तो पिंग कुठलाही राउटर कमी करू शकत नाही. सेटिंगमध्ये सर्व्हर मुंबई करा आणि पुढे चला. डीएनएस बदलूनही गेममधला पिंग कमी होत नाही. डीएनएस फक्त नावावरून पत्ता शोधून देतं आणि गेम सुरू झाल्यावर त्याचं काम संपलेलं असतं. ‘गेम बूस्टर’ ॲपवर पैसे घालवू नका.

सगळ्यात मोठा गुन्हेगार: अपलोडची रांग

आता एक प्रयोग करा. लॅपटॉप केबलवर ठेवा, ८.८.८.८ चा पिंग चालू ठेवा, आणि घरातल्या दुसऱ्या फोनवरून एक-दोन जीबीचा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवायला लावा. १४ असलेला पिंग ३५० झाला? मग तुमच्या घरातल्या निम्म्या तक्रारींचं मूळ सापडलं. त्याला बफरब्लोट म्हणतात. हे नाव २०१० मध्ये जिम गेटिस यांनी दिलं, आणि ते आजही बहुतेक राउटरच्या खोक्यावर कुठे लिहिलेलं नसतं.

घडतं असं. घरातल्या वायफायवरून राउटरकडे माल फार वेगाने येतो, पण बाहेर जायला लाइनच्या अपलोडएवढीच वाट असते. जास्तीचा माल राउटर फेकून देत नाही, साठवून ठेवतो. अपलोड २० एमबीपीएस आहे आणि राउटरच्या पोटात १ एमबी माल साठलाय असं धरा. १ एमबी म्हणजे ८ मेगाबिट. ८ भागिले २०, म्हणजे ०.४ सेकंद. तुमच्या बोटाने गोळी झाडली ते पुडकं शंभर-दीडशे बाइटचं, पण ते रांगेच्या शेपटाला उभं राहतं आणि ४०० मिलिसेकंदांनी बाहेर पडतं. हंगामात जिनिंगच्या गेटवर कापसाचे ट्रॅक्टर लागलेले असतात आणि त्यांच्या मागे नुसती एक चिठ्ठी द्यायला आलेला मोटरसायकलवाला अडकतो, तसंच. गेट मोठं केलं तर रांग थोडी लवकर सरकेल. मोटरसायकलला बाजूने वाट काढून दिली तर ती लगेच आत जाईल. प्लॅन वाढवणं म्हणजे गेट मोठं करणं.

अपलोड खातं कोण, हे एकदा घरात फिरून पाहाच. गुगल फोटोजचा बॅकअप. लॅपटॉपमधलं वनड्राइव्ह. दुकानाच्या किंवा मळ्याच्या कॅमेऱ्याचा डीव्हीआर, जो रात्रंदिवस क्लाउडवर चित्र पाठवत बसतो. १०८०पीचा एक कॅमेरा साधारण २ एमबीपीएस घेतो, चार कॅमेरे ८. लग्नाचे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर जात असतात ते वेगळेच. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकीबाळी माहेरी येतात, घरात एकदम दहा-बारा फोन वाढतात, आणि प्रत्येक फोन वायफाय मिळाल्याबरोबर महिन्याभराचे फोटो वर चढवायला लागतो. त्या दिवशी नेट ‘बिघडलं’ असं वाटतं. बिघडलेलं काहीच नसतं, रांग लागलेली असते.

स्ट्रीमिंगवाल्यालाही याचा फटका बसतो, आणि तो कसा ते नीट समजून घेण्यासारखं आहे. व्हिडिओ खाली येताना तुमच्याकडून ‘मिळालं, पुढचं पाठवा’ अशा छोट्या पोचपावत्या वर जात असतात. त्या पावत्या अपलोडच्या रांगेत अडकल्या की समोरचा सर्व्हर हात आखडता घेतो. डाउनलोड मोकळं असूनही टीव्हीवर गोल फिरत राहतं, किंवा ४केचं चित्र एकदम धुरकट होतं.

पक्का इलाज म्हणजे एसक्यूएम, राउटरातली रांग हुशारीने सांभाळणारी सोय. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल नावाची रीत मांडली. रांगेत पुडकं किती वेळ थांबलं ते ती मोजते, आणि ५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ सतत थांबायला लागलं की काही पुडकी मुद्दाम टाकून पाठवणाऱ्याला वेग कमी करायला लावते. एफक्यू-कोडेल आणि त्यानंतर आलेलं केक त्याच्या पुढे जातात. प्रत्येक जोडणीची वेगळी रांग करतात आणि किरकोळ माल असणाऱ्याला आधी सोडतात. मोटरसायकलला बाजूची वाट मिळते ती अशी. लिनक्समध्ये एफक्यू-कोडेल २०१२ पासून आणि केक २०१८ पासून आहे. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर टाकायचं मोफत सॉफ्टवेअर) चालणारा राउटर असेल तर एसक्यूएमचं पॅकेज टाका, इंटरफेस म्हणून वॅन, म्हणजे बाहेरच्या लाइनची बाजू, निवडा (युजरनेम-पासवर्ड टाकून लागणारी पीपीपीओई लाइन असेल तर पीपीपीओईचा वॅन), क्यू म्हणून केक, स्क्रिप्ट ‘पीस ऑफ केक’, लिंक लेयर इथरनेट आणि ओव्हरहेड ४४.

वेगाचे दोन आकडे, डाउनलोडचा आणि अपलोडचा, मात्र विचार करून भरा. आधी केबलवरून सकाळी आणि रात्री स्पीड टेस्ट घ्या आणि कमीत कमी मिळालेल्या आकड्याच्या ८५ ते ९० टक्के भरा. लाइन खरोखर ९५ देत असेल तर ८५,००० केबीपीएस. लाइनपेक्षा कमी आकडा भरायचं कारण असं की रांग तुमच्या राउटरातच लागली पाहिजे. ओएनटीमध्ये (घरात फायबरची तार जिथे येते तो कंपनीचा डबा) किंवा कंपनीच्या यंत्रात लागली तर तिच्यावर तुमचा ताबा नाही. जास्त आकडा भरला की एसक्यूएम चालू असूनही काही फरक पडत नाही, आणि ‘हे चालत नाही’ म्हणून लोक बंद करून टाकतात.

आणखी दोन गोष्टी इथे हमखास चुकतात. हार्डवेअर ऑफलोडिंग चालू असेल तर माल एसक्यूएमला वळसा घालून जातो, ते बंद करा. आणि डीव्हीआरची तार थेट ओएनटीला लावलेली असेल तर तुमच्या राउटरला तो माल दिसतच नाही. ओएनटीच्या मागे फक्त एकच तार, ती तुमच्या राउटरची. ओएनटीचा स्वतःचा वायफायही बंद. बाकी सगळं राउटरच्या मागे. एसक्यूएमला प्रोसेसरची ताकद लागते. स्वस्त, जुन्या राउटरवर २०० एमबीपीएसला ते धापा टाकतं आणि वेग निम्म्यावर येतो. तसं झालं तर वेग मर्यादा आणखी खाली आणा. ६० एमबीपीएस आणि स्थिर २० चा पिंग हा सौदा १५० एमबीपीएस आणि उड्या मारणाऱ्या पिंगपेक्षा केव्हाही चांगला.

नवा राउटर घ्यायचा नसेल तर उगमाशीच नळ आवळा. वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये अपलोडला मर्यादा घालता येते. डीव्हीआरमध्ये क्लाउडसाठी सबस्ट्रीम (कमी दर्जाचं दुसरं चित्र) निवडा आणि बिटरेट ५१२ केबीपीएस करा. मोबाइलवर बघायला तेवढं पुरतं, मूळ रेकॉर्डिंग हार्ड डिस्कवर पूर्ण दर्जाचंच राहतं. फोटोंचा बॅकअप खेळाच्या वेळी थांबवून ठेवा. स्वतः लाइव्ह स्ट्रीम करत असाल तर १०८०पी ६० फ्रेमसाठी ६ एमबीपीएसच्या आसपास बिटरेट लागतो. तो तुमच्या अपलोडच्या निम्म्याहून जास्त होऊ देऊ नका.

वायफाय: भिंत, कूलर आणि शेजारी

खानदेशातली जुनी धाब्याची घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली. दीड-दोन फूट जाडीची दगडमातीची भिंत बाहेरची आग आत येऊ देत नाही, आणि वायफायही पलीकडे जाऊ देत नाही. ५ गिगाहर्ट्झ तर अशा एका भिंतीतच संपतं. नव्या स्लॅबच्या घरात मजल्यांमधली लोखंडी जाळी तेच करते. फोनमध्ये वायफाय ॲनालायझर टाका आणि जिथे बसून खेळता तिथे सिग्नल बघा. उणे ५० डीबीएम उत्तम, उणे ६७ पर्यंत गेम चालतो, उणे ७५ ला फुकट त्रास. आकडा उणे असल्यामुळे शून्याच्या जवळ तो चांगला, हे घरातल्यांना समजावून सांगावं लागतं.

कूलरकडे कोणी लक्ष देत नाही. मोठा पत्र्याचा कूलर म्हणजे धातूची पेटी, आणि तिच्यात पन्नास-साठ लिटर पाणी. पत्रा लहरी परतवतो, पाणी शोषतं. राउटर आणि खेळणारा यांच्या मधोमध तो उभा असेल तर एप्रिल ते जून सिग्नल खराब आणि पाऊस लागून कूलर माळ्यावर गेला की आपोआप बरा, असा हंगामी आजार दिसतो. कूलरच्या हवेच्या झोतातही राउटर ठेवू नका. बोअरच्या जड पाण्याचा ओलावा पोर्टमध्ये पांढरा थर धरतो आणि लॅनच्या पिना खराब होतात.

चॅनलचं सांगायचं तर २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा असेल तो घ्या आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० केली की वेगाचा आकडा वाढतो, पण शेजारच्या दोन-तीन वायफायशी झटापट सुरू होते. मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथ हेडफोनही याच पट्ट्यात आहेत. त्यामुळे गेमचा फोन ५ गिगाहर्ट्झवरच हवा. तिथे ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ घ्या, गर्दी असेल तर रुंदी ८० वरून ४० करा. ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ हे चॅनल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. रडारसारखं काही ऐकू आलं की राउटरला तो चॅनल तिथल्या तिथे सोडावा लागतो, आणि भर सामन्यात कनेक्शन तुटतं. दोन्ही पट्टे एकाच नावाखाली ठेवणारं ‘स्मार्ट कनेक्ट’ बंद करून दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं द्या, नाहीतर फोन मनाने २.४ वर जाऊन बसतो.

दुसऱ्या खोलीसाठी रिपीटर घेऊ नका. तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग निम्मा होतो आणि विलंब वाढतो. त्याऐवजी कॅट ६ केबल ओढा आणि घरात पडलेला जुना राउटर पलीकडे लावा. त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद करा, आणि केबल दोन्हीकडे लॅन पोर्टमध्येच घाला, वॅनमध्ये नाही. नाव आणि पासवर्ड तेच, चॅनल वेगळा. केबल घेताना आतली तार पूर्ण तांब्याची आहे का ते विचारा. चाकूने टोक खरवडलं की वरचा लालसर मुलामा निघून आत पांढरी ॲल्युमिनिअम दिसते, ती घेऊ नका. आठही तारा जोडून घ्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. चारच तारा जोडल्या तर लाइन १०० एमबीपीएसवर अडकते. बऱ्याच स्मार्ट टीव्हींचा लॅन पोर्ट मुळातच १०० चा असतो, पण ४केला १५ लागतात. तिथे काळजी नको.

४५ अंश आणि गेलेली लाइट

राउटरच्या खालच्या लेबलवर किंवा माहितीपत्रकात चालण्याचं तापमान बघा. बहुतेक घरगुती राउटरांना ० ते ४० अंश दिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात टीव्हीच्या बंद कपाटात, सेटटॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेला राउटर त्याच्या बराच पुढे जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर तर विचारूच नका. दुपारी दोन ते पाच लॅग, रात्री ठीक, असा पाढा असेल तर राउटरच्या स्टेटस पानावर अपटाइम बघा. सकाळी चालू केलेला राउटर संध्याकाळी ‘४० मिनिटं’ दाखवत असेल तर तो मधे आपोआप बंद होऊन चालू झालाय.

आतल्या, उन्ह न लागणाऱ्या भिंतीवर पाच-सहा फुटांवर उभा टांगा, झरोके वर-खाली येतील असा. रंगाच्या कोरड्या ब्रशने झरोक्यांतली धूळ महिन्यातून एकदा काढा. तरीही तापत असेल तर यूएसबीवर चालणारा छोटा पंखा झरोक्यांसमोर ठेवा, फरक हाताला जाणवतो.

आपोआप रीस्टार्ट होण्याचं दुसरं कारण अडॅप्टर. जुन्या सेटटॉप बॉक्सचा १२ व्होल्ट ०.५ अँपिअरचा अडॅप्टर राउटरच्या पिनेत नेमका बसतो, सगळे दिवे लागतात, आणि सगळं ठीक वाटतं. सहा-सात फोन एकदम कामाला लागून रेडिओने जास्त करंट मागितला की व्होल्टेज बसतं आणि राउटर झोपतो. व्होल्ट तेवढेच हवेत; अँपिअर लेबलवर लिहिलेत तेवढे किंवा जास्त. १२ व्होल्ट १.५ अँपिअर मागणाऱ्याला २ चा चालतो, १ चा नाही.

लाइट जाऊन इन्व्हर्टर लागेपर्यंतचा झटकाही राउटरला पुरतो, आणि मग ओएनटी पुन्हा नोंदणी करेपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात. राउटरसाठीचा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस अडॅप्टर आणि राउटर यांच्या मधे लागतो. ओएनटी आणि राउटर दोन्ही त्यावर असतील तर दोघांच्या अँपिअरची बेरीज करूनच घ्या.

एनएटीबद्दल, म्हणजे घरातल्या सगळ्या यंत्रांना बाहेर एकाच पत्त्याने दाखवण्याच्या रीतीबद्दल, थोडक्यात. गेममध्ये माइकचा आवाज जात नाही, मित्राच्या रूममध्ये शिरता येत नाही, कन्सोल ‘स्ट्रिक्ट’ दाखवतं, आणि पिंग मात्र चांगला आहे, तर हे प्रकरण वेगळं. राउटरच्या वॅनचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर दोन राउटर एकामागे एक पत्ते बदलतायत. ओएनटी ब्रिज मोडवर (तो पत्ते न बदलता माल नुसता पुढे देईल असा) करून घ्या आणि पीपीपीओईचं लॉगिन तुमच्या राउटरमध्ये टाका. १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता असेल तर तो कंपनीचा सीजीएनएटी आहे, म्हणजे बाहेरचा एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला. आयपीव्ही६ चालू करा, नाहीतर स्टॅटिक आयपी मागा.

फायबरवाल्याला फोन करण्याआधी

केबलवर, घरातलं बाकी सगळं बंद ठेवून, सकाळी सातला आणि रात्री साडेनऊला ट्रेसर्ट आणि शंभर पिंग घ्या आणि फोटो काढून ठेवा. सकाळी दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपासून १५ आणि रात्री १२० असेल, तर गर्दी कंपनीच्या पुढच्या लाइनवर आहे. तुमच्या घरातलं काहीही बदलून ती कमी होणार नाही, आणि कंपनीने प्लॅन वाढवायला सांगितलं तर हाच फोटो दाखवा.

पुडकी मधेच गायब होत असतील, म्हणजे शंभरात तीन-चार ‘टाइम्ड आउट’, तर ओएनटीच्या पानावर आरएक्स ऑप्टिकल पॉवर, म्हणजे तारेतून पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, शोधा. साध्या जीपॉन (घरोघरी येणाऱ्या फायबरचा एक प्रकार) लाइनवर यंत्र साधारण उणे ८ ते उणे २८ डीबीएमच्या मधला प्रकाश वाचू शकतं. उणे १५ ते उणे २४ असेल तर निवांत राहा. उणे २७ म्हणजे काठावर. खांबावरच्या जोडपेटीत पावसाचं पाणी शिरलं की लाल एलओएसचा, म्हणजे प्रकाश मिळत नसल्याचा, दिवा ठरलेला. ३ डीबी घट म्हणजे प्रकाश निम्मा, त्यामुळे उणे २१ वरून उणे २४ झालेला आकडा दिसायला छोटा असला तरी किरकोळ नाही.

आधी घरातली तार बघा. टीव्हीच्या मागे उरलेली फायबर घट्ट गुंडाळून खिळ्याला अडकवलेली असते, किंवा खिडकीच्या पल्ल्यात चेपलेली असते. फार घट्ट वळणातून प्रकाश बाहेर निसटतो. गुंडाळी सैल करा, तळहाताएवढी करा, आणि आकडा पुन्हा वाचा. बऱ्याचदा तिथेच दोन-तीन डीबी परत मिळतात. हिरव्या टोपणाचा कनेक्टर काढून बघू नका. त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही पण डोळ्यांत जातो, आणि बोटाच्या तेलाचा एक ठसा काचेवर बसला की घट आणखी वाढते.

मग फोन करा, आणि ‘नेट स्लो आहे’ असं सांगू नका. सांगा: आरएक्स उणे २७ आहे, गेल्या महिन्यात उणे २१ होता, केबलवर शंभरात चार पॅकेट जातायत, घरातली तार सैल केली आहे, जोड तपासायला माणूस पाठवा. एवढं ऐकल्यावर ‘राउटर बंद करून चालू करा’ हे उत्तर येत नाही. माणूस आला, खांबावर चढला, जोड पुन्हा मारला, की त्याने शिडी उचलायच्या आत तेच पान पुन्हा उघडा. उणे २७ चा उणे २१ झाला असेल तर जोड बसला. उणे २६ असेल तर त्याला नम्रपणे पुन्हा वर जायला सांगा.